इंग्लंडात टॅक्सीचा बॅज काढायचाय. जुनी केस सांगू की नको?

पत्रलेखक पंचेचाळिशीचे, मूळचे सांगली जिल्ह्यातले. पत्नीला इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयात नर्सची नोकरी लागली, म्हणून अडीच वर्षांपूर्वी आपली नोकरी सोडून, मुलीला घेऊन, तिच्या व्हिसावर तिकडे गेले. गावी ते पतसंस्थेत शाखाधिकारी होते. सध्या एका गोदामात रात्रपाळीला खोकी भरतात आणि पाठीने असहकार पुकारलाय. ओळखीचे लोक म्हणतात, टॅक्सी चालव. आपल्या काउन्सिलच्या (नगरपालिकेच्या) नादी लागू नकोस, वॉल्व्हरहॅम्प्टन शहराचा बॅज, म्हणजे टॅक्सीचालकाचा परवाना, काढ, पटकन होतं. अडचण अशी की 2007 मध्ये ऊसदराच्या रास्ता रोकोत त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला होता. एक रात्र कोठडीत गेली, वडिलांनी जामीन दिला, 2010 मध्ये न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. मित्रांचं म्हणणं, फॉर्मवर लिहू नकोस, इथे कोणाला कळतंय. 2012 मध्ये लग्न ठरताना वडिलांनीच ‘विषय काढू नकोस’ म्हटलं होतं, त्यामुळे पत्नीला आजतागायत यातलं काही माहीत नाही. तेच वडील, निवृत्त शिक्षक, आता फोनवर म्हणतात, ‘विलायतेत जाऊन टॅक्सी चालवणार का?’ तिकडचं ड्रायव्हिंग लायसन्स मिळून सात महिने झालेत, घरात गाडी एकच आहे. ते विचारतात: केस सांगू का, बॅज कुठल्या काउन्सिलचा काढू, आणि मुळात हे काम करू का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच देऊन बसला आहात. पेट्रोल, गाडीचा हप्ता, मुलीची शाळा सुटायची वेळ, सगळ्याचा हिशेब पत्रात मांडलाय. मन झाल्याशिवाय माणूस इतकं लिहीत नाही. अडलंय ते पहिल्या प्रश्नावर, आणि तिथेच तुमचं एक गृहीत मला खटकलं.

तुम्ही लिहिता, ‘गाडी तर मी वीस वर्षं चालवतोय, मग यांना माझ्या जुन्या भानगडी कशाला हव्यात?’ आपल्याकडे परवाना म्हटला की डोळ्यांसमोर आरटीओची खिडकी येते. कागद पुरे, फी भरली, एजंट बरा असला तर दोन खेपांत काम. त्या खिडकीचा सगळा जीव गाडीत आणि गाडी चालवण्यात असतो. इंग्लंडात टॅक्सीचा परवाना देते ती काउन्सिल, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिका. बऱ्याच शहरांत कचरा उचलणारी, शाळांवर लक्ष ठेवणारी, अनाथ मुलांची जबाबदारी घेणारी तीच संस्था. ड्रायव्हिंग येतं हे तर डीव्हीएलएने, म्हणजे तिथल्या आरटीओने, लायसन्स देऊन आधीच मान्य केलेलं असतं. काउन्सिलला बघायचं असतं, हा माणूस कसा आहे. कायद्यातले शब्दही तसेच आहेत, ‘फिट अँड प्रॉपर’: लायक आणि भरवशाचा.

हे आजचं नाही. रस्त्यावर हात दाखवून थांबवायच्या टॅक्सीचा लंडनबाहेरचा कायदा 1847 चा आहे, सातारचं राज्य खालसा व्हायच्या आदल्या वर्षीचा, आणि तो अजून चालतो! तुम्हाला करायचंय ते प्रायव्हेट हायर, म्हणजे आधी बुक केलेली गाडी. त्याचा कायदा 1976 चा. लंडनचं सगळं वेगळं. तिथे काउन्सिल नाही, ट्रान्स्पोर्ट फॉर लंडन परवाने देते. फरक वरवरचा वाटतो, पण पुढे अंगाशी येतो, म्हणून इथेच सांगते. प्रायव्हेट हायरवाल्याने स्टँडवर उभं राहायचं नाही, रस्त्यात हात केलेलं गिऱ्हाईक घ्यायचं नाही. प्रत्येक भाडं परवानाधारक ऑपरेटरच्या बुकिंगमधूनच यायला हवं. ॲपवाल्या कंपन्याही अशाच ऑपरेटर. शनिवारी रात्री पबबाहेर कोणी भिजत उभा आहे, दहाची नोट पुढे करतोय, तुम्हाला दया आली आणि बसवलंत, तर गुन्हा. त्यात गाडीचा विमाही त्या फेरीपुरता लागू होत नाही, म्हणजे बिनविम्याची गाडी चालवल्याचा दुसरा गुन्हा. काउन्सिलचे लोक साध्या वेशात, गिऱ्हाईक बनून, अशी परीक्षा घेत असतात.

आता माणूस बघायचा म्हणजे काय. 2020 मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने सगळ्या काउन्सिलांना एक नियमावली दिली. तिच्यात अधिकाऱ्याने स्वतःला विचारायचा एक प्रश्न आहे, तो माझ्या शब्दांत असा: तुमच्या जिवाभावाचं माणूस, ते कुठल्याही अवस्थेत असो, दिवसा किंवा रात्री कधीही, या चालकाच्या गाडीत एकटं बसवून पाठवाल का? उत्तर ‘हो’ नसेल तर परवाना द्यायचा नाही. अर्जदाराला संशयाचा फायदाही द्यायचा नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. कोर्टात आरोपीला मिळतो तो फायदा इथे नाही, कारण इथे शिक्षा करायची नसते, प्रवासी सांभाळायचा असतो.

हा कडकपणा आला कुठून, तेही ठाऊक असू द्या. रॉदरहॅम नावाच्या शहरात 1997 ते 2013 या काळात सुमारे 1400 मुलांचं लैंगिक शोषण झालं, असा अंदाज 2014 च्या चौकशी अहवालात मांडला गेला. या प्रकारांत टॅक्सीचालकांचा हात ठळकपणे दिसतो, असंही त्या अहवालाने म्हटलं. मुलींना न्यायला-आणायला टॅक्सी वापरल्या गेल्या आणि परवाने देणारी काउन्सिल झोपलेली होती. दुसऱ्या वर्षी सरकारने त्या काउन्सिलचा कारभार काढून आयुक्तांच्या हाती दिला. आज रॉदरहॅमच्या टॅक्सीत कॅमेरा सक्तीचा आहे. म्हणजे तुमचा फॉर्म ज्या टेबलावर जाणार, त्याच्यामागे बसलेल्या माणसाच्या डोक्यात उसाचा दर नसतो, हे असतं.

माझंच सांगते. माझी आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे इंग्लंडात होती. स्मृती गेलेली, इंग्रजी एक अक्षर येत नाही. एकदा दवाखान्यातून तिला एकटीला घरी पाठवायची वेळ आली. मला कामावरून निघता येईना, तिथल्या नर्सने मिनीकॅब, म्हणजे प्रायव्हेट हायरची गाडी, बोलावली. मी फोनवरून नर्सला म्हटलं, चालकाच्या गळ्यातल्या बॅजचा नंबर वाचून दाखव. तो मी बॉलपेनने तळहातावर लिहिला, शाळेत कॉपी लिहितात तसा. पुढची पंचवीस मिनिटं मी त्या चार आकड्यांकडे बघत होते. शेजारीण म्हणाली, त्याने आईचा पट्टा सोडला, आपल्या हाताने दार उघडलं, कुलूप निघून दिवा लागेपर्यंत गाडी हलवली नाही. मला त्याचं नाव आजही माहीत नाही. तो गाडी कशी चालवतो हा विचार त्या पंचवीस मिनिटांत एकदाही माझ्या मनात आला नव्हता.

म्हणून केसचं उत्तर सरळ आहे: विचारलं असेल तर सांगा.

‘विचारलं असेल तर’ हे शब्द मी मुद्दाम घातलेत. प्रत्येक काउन्सिलचा फॉर्म वेगळा. काही फक्त शिक्षा विचारतात. बऱ्याच ठिकाणी अटक, आरोप, सुटलेल्या केसेस, सगळंच विचारतात. प्रश्न शब्द न् शब्द वाचा, आणि जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या. व्हिसाच्या फॉर्मवर काय विचारलं होतं आणि तुम्ही काय लिहिलं होतं, त्याची प्रतही एकदा काढून बघा. दोन फॉर्ममधले प्रश्न सारखे नसतात, त्यामुळे उत्तरं वेगळी असण्यात गैर काही नाही. पण उत्तरांतच विसंगती दिसली, तर काउन्सिलकडे जायच्या आधी नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला गाठा.

‘इथे कोणाला कळतंय’ हे म्हणणारे मित्र अर्धं बरोबर बोलतात. ब्रिटनमधली डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी, कितीही सखोल असली तरी सांगलीच्या पोलिस ठाण्यातलं रजिस्टर तिला दिसत नाही. ही फट त्यांनाही माहीत आहे. म्हणून सलग 3 महिने किंवा जास्त काळ परदेशात राहिलेल्यांकडून ते त्या देशाचा वर्तणुकीचा दाखला मागतात. भारताचा म्हणजे पीसीसी, पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट. तिकडे राहून तो उच्चायुक्तालयाकडून, व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून काढतात, आणि त्यासाठी पडताळणी गावच्या पोलिस ठाण्यापर्यंत जाऊ शकते. तिथल्या हवालदाराने जुनी वही उघडली आणि तुमच्या फॉर्मवर तो रकाना ‘नाही’ असेल, तर मग प्रश्न उसाचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो. आणि हो, पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की चोविसाव्या वर्षी चौदा महिने दुबईत होतात. तिथलाही दाखला मागतील. हे बहुतेक जण विसरतात आणि शेवटच्या टप्प्यावर अडकतात.

खोटं पकडलं गेलं तर काय होतं, तेही बघा. परवान्यासाठी खोटी माहिती देणं हा 1976 च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. अर्ज नाकारला की ती नोंद नकारांच्या राष्ट्रीय नोंदवहीत जाऊ शकते. इंग्लंडमधल्या काउन्सिलांना अर्ज आला की ती नोंदवही तपासावीच लागते, आणि 2022 च्या कायद्याप्रमाणे नोंद 11 वर्षं राहते. आज या काउन्सिलने हाकललं, उद्या त्या काउन्सिलकडे जाऊ, हा जुना रस्ता बंद झालाय.

याउलट सांगून टाकलंत तर? शेतकरी आंदोलनात रस्ता अडवला, हिंसा नाही, न्यायालयाने निर्दोष सोडलं, मध्ये पंधरा वर्षं गेली. निर्णय शेवटी त्या अधिकाऱ्याचा, मी हमी देऊ शकत नाही. पण तुलनेला बघा: हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून संपल्यावर 10 वर्षं, फसवणूक-अप्रामाणिकपणासाठी 7 वर्षं, दारू पिऊन गाडी चालवल्यास 7 वर्षं थांबायला लावतात. हे सगळं शिक्षा झालेल्यांसाठी. तुम्हाला तर शिक्षाच झालेली नाही. लपवलंत, तर मात्र तुम्ही आपल्या पायांनी अप्रामाणिकपणाच्या रकान्यात जाऊन बसता.

मात्र ‘निर्दोष सुटलो’ एवढं लिहून भागणार नाही, कागद लागेल. निकालाची प्रमाणित प्रत काढा. तालुक्यातल्या वकिलामार्फत नकलेचा अर्ज टाकावा लागेल. केस नंबर हाती असेल तर काम सोपं, नसेल तर रेकॉर्ड रूममधल्या कारकुनाची मर्जी. प्रत मिळाली की तिचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर. सोबत तुमच्या शब्दांत एक पानभर निवेदन जोडा: काय आंदोलन होतं, तुम्ही कुठे होतात, काय झालं. रंगवू नका, आणि ‘मला राजकारणाने अडकवलं’ असला सूर तर मुळीच नको. ज्याला ऊसदर म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला दोन ओळींत कळेल असं लिहा. साखर कारखाने शेतकऱ्याला टनामागे किती पैसे देणार, यावरून दर हंगामात भांडण होतं, त्या भांडणात आम्ही रस्त्यावर बसलो. बस, पुरे.

तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी एक सूचना इथेच करते. शिक्षा जुनी झाली की कायद्याने ती ‘संपते’, सांगावी लागत नाही, असं इंग्लंडात राहून आपण ऐकलेलं असतं. टॅक्सीचालक या सवलतीतून वगळलेले आहेत; त्यांना जुन्या शिक्षाही विचारता येतात. आणि गाडी चालवताना हातात फोन धरल्याबद्दल शिक्षा झाली असेल तर 5 वर्षं थांबा, असं नियमावली सांगते. ज्या धंद्यात भाडंच फोनवर येतं, त्यात शिरायच्या आधी फोनचा स्टँड घ्या. ही थट्टा नाही.

आता तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलेली गोष्ट. पत्नीला माहीत नाही. तुम्हाला वाटतंय, काउन्सिलला सांगायचं म्हणजे तिलाही सांगावं लागेल, आणि खरी भीती त्याचीच आहे. माझा असा कयास की फॉर्म हे निमित्त आहे. तेरा वर्षांच्या संसारात ज्या गोष्टीचं ओझं वाटलं नव्हतं, ती आता घराच्या पत्त्यावर पाकिटातून येणार: पीसीसी, निकाल, भाषांतर. ती पाकीट उघडेल आणि विचारेल, हे काय? त्याआधी तुम्ही बोललेलं बरं. ती नर्स आहे. तिची स्वतःची तपासणी याच डीबीएसने झालेली असणार, ‘ते सगळं विचारतात’ हे तिला समजावून सांगावं लागणार नाही. तिला राग येईल तो केसचा नसेल, लपवल्याचा असेल. तो येऊ द्या. ‘बाबांनी सांगितलं म्हणून’ हे वाक्य मात्र पहिल्या पाच मिनिटांत नको. खरं असलं तरी. त्या वेळी तुम्ही बत्तीस वर्षांचे होतात.

वॉल्व्हरहॅम्प्टनबद्दल. तुमचे मित्र सांगतात ते बेकायदा नाही. नियम असा की चालक, गाडी आणि ऑपरेटर तिघांचे परवाने एकाच काउन्सिलचे हवेत. ते जुळले की बुकिंगची फेरी देशात कुठलीही असो. त्यामुळे जिथे अर्ज लवकर मार्गी लागतो आणि फी कमी पडते, तिथला बॅज काढून भलत्याच शहरात धंदा करणारे हजारो चालक आहेत, आणि वॉल्व्हरहॅम्प्टनचं नाव त्यात सगळ्यात पुढे. तिथली काउन्सिल म्हणते, आमची तपासणी ढिली नाही, उलट आम्ही चालकांची नोंद रोज तपासतो. असेलही. पण मँचेस्टरसारख्या शहरांची तक्रार वेगळी आहे: गाडी आमच्या रस्त्यावर, तक्रार आमच्या लोकांची, आणि कारवाईचा अधिकार साठ-सत्तर मैलांवरच्या दुसऱ्या काउन्सिलचा.

जून 2025 मध्ये लुईज केसी यांच्या राष्ट्रीय अहवालाने, तोच मुलींच्या शोषणाचा विषय, ही बाहेरगावच्या टॅक्सींची वाट बंद करा अशी थेट शिफारस केली आणि सरकारने अहवालातल्या शिफारशी मान्य केल्या. ही वाट जितकी वर्षं चालायची तितकी चालेल. पण तुम्ही पंचेचाळिशीत नवा धंदा उभा करताय, बंद व्हायच्या वाटेवर दुकान कशाला मांडता? माझं मत, आपल्याच काउन्सिलचा काढा. महिना-दोन महिने जास्त लागतील, स्थानिक रस्त्यांची परीक्षा असेल. पण तपासणीला गाडी न्यायला सुट्टी काढून प्रवास नाही, आणि एक फायदा तुमच्या मित्रांनी सांगितलेला दिसत नाही: शाळेच्या फेऱ्या. विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेत पोचवायची जबाबदारी काउन्सिलवर असते आणि ती कामं टॅक्सीवाल्यांना कंत्राटाने दिली जातात. सकाळी एक फेरी, दुपारी एक, सुट्टीत काम नाही, तेच मूल, तोच रस्ता. गल्ला मोठा नाही, पण पाठीला झेपेल आणि तुमच्या मुलीच्या वेळा सांभाळून होईल. अशा कामांसाठी काउन्सिल साहजिकच आपल्याकडे बॅज असलेला, आपल्याला दिसणारा माणूस पसंत करत असेल.

घाई तशीही उपयोगाची नाही, कारण तुम्हाला अजून पाच महिने अर्जच करता येणार नाही. तिकडचं पूर्ण लायसन्स किमान 12 महिने हाती असावं लागतं आणि आपलं भारतातलं लायसन्स त्यात धरत नाहीत, वीस वर्षांचं असलं तरी. काही काउन्सिल दोन-तीन वर्षं मागतात. लंडनमध्ये तर 3 वर्षंच. तेव्हा आधी आपल्या काउन्सिलचं धोरण उघडून तेवढी एक ओळ शोधा. (व्हिसाचं तुमचं ठीक आहे, पत्नीच्या व्हिसावर आलेल्याला स्वतंत्र धंदा करता येतो. परवाना मात्र व्हिसाच्या मुदतीपलीकडचा मिळणार नाही. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांनी हे वाचून उड्या मारू नयेत, त्यांना स्वयंरोजगार चालत नाही, आणि खुद्द नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनाही हे जोडकाम करता येणार नाही.)

आता गाडी. लंडनबाहेर एक नियम असा आहे जो घराघरांत भांडणं लावतो. गाडीला एकदा प्रायव्हेट हायरची प्लेट (गाडीच्या परवान्याची पाटी) लागली की ती कायम प्रायव्हेट हायरच. भाडं नसतानाही, रविवारीही. आणि ती फक्त बॅजवालाच चालवू शकतो. 1997 मध्ये न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलंय. म्हणजे तुमच्या एकुलत्या एका गाडीला प्लेट लागली की पत्नीने सकाळी सातच्या ड्यूटीला ती नेली तरी गुन्हा, किराणा आणायला नेली तरी गुन्हा. तिच्याकडे स्वतःचा बॅज नसेल तर गाडी तिच्यासाठी दारातली शोभा. त्यामुळे घरची गाडी या धंद्यात घालू नका. प्लेट लावलेल्या गाड्या आठवड्याच्या भाड्याने मिळतात, बहुतेक वेळा विम्यासकट. पहिले चार-सहा महिने ती घ्या. महाग पडते, पण धंदा जमला नाही तर किल्ली परत करून मोकळे.

वडिलांच्या वाक्यावर मी फार लिहिणार नाही. आपल्याकडे काळी-पिवळीवाल्याचा बॅज म्हणजे शिक्षण कमी पडलेल्याची भाकरी, असं त्यांच्या पिढीच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना पटवायला जाऊ नका. वेगळं एक विचारते: बस चालवायचा विचार केलात का? अनेक बस कंपन्या प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने देतात, पगार ठरलेला, पेन्शन, आजारपणाची रजा. टॅक्सीवाल्याला 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या खटल्यात कामगाराचा दर्जा दिला, त्यामुळे त्या कंपनीच्या चालकांना किमान वेतन आणि भरपगारी सुट्टी मिळू लागली. तरी पेट्रोल, गाडी, रिकामे तास तुमचेच. बसची पाळी पहाटेची असू शकते, तिथे मुलीचा प्रश्न येईल. दोन्हींचा हिशेब एका कागदावर मांडा. शाखाधिकारी होतात, कर्ज मंजूर करताना जसा मांडायचात तसा, अर्जदार आपला आवडता आहे हे विसरून.

टॅक्सीच ठरली तर दोन-तीन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. अंध प्रवाशासोबतचा मार्गदर्शक कुत्रा गाडीत घ्यावाच लागतो, जास्त पैसे न घेता. नाही म्हटलं तर 1000 पौंडांपर्यंत दंड. डॅशबोर्डवर गणपती आहे, गाडीत कुत्रा नको, हे कारण चालत नाही. सूट फक्त डॉक्टरी कारणाने, आणि तीही काउन्सिलने आधी लेखी दिली असेल तरच. डीबीएसचं प्रमाणपत्र आलं की त्यावरच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत तिच्या अपडेट सेवेचं सदस्यत्व घ्या, कारण दर 6 महिन्यांनी तपासणी होते. ते 30 दिवस चुकले तर सगळं पहिल्यापासून, नवी फी भरून. वैद्यकीय तपासणी बस-ट्रकवाल्यांच्या निकषाने होते; तुमच्या पाठीचं जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, आधीच बोलून घ्या. आणि फी भरायचा क्रम उलटा करू नका. जे फुकट किंवा स्वस्तात कळतं ते आधी: धोरण वाचणं, लायसन्स खात्याला ईमेल करून ‘सुटलेली जुनी केस आहे, कोणते कागद लागतील’ असं लेखी विचारणं. वैद्यकीय आणि परीक्षेचे पैसे त्यानंतर. तरीही नाकारलं, तर 21 दिवसांत मॅजिस्ट्रेट न्यायालयात अपील करता येतं. त्या दिवशी ते ईमेल तुमच्या कामी येईल.

पाच महिने हातात आहेत आणि रखडणारी कामं तीन: नकलेचा अर्ज, पीसीसी, दुबईचा दाखला. तिन्ही आजच सुरू करण्यासारखी आहेत. रविवारी पत्नीला सुट्टी असते असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा आधी ते बोलणं उरका. मग सांगलीला फोन लावा. टॅक्सीचा विषय काढू नका, फक्त त्या केसचा नंबर विचारा. जामीन त्यांनी दिला होता आणि शिक्षक माणूस आहेत. फाईल कपाटात वरच्या खणात असेल, दोऱ्याने बांधलेली.